मातीला विचारण्याआधी जुन्या माणसांना विचारा

पत्र: घर बांधण्यासाठी आम्ही एक जागा बघितली आहे. तिथे पूर्वी गाड्यांचं गॅरेज होतं, आता नुसती रिकामी शेड उभी आहे. मागे विहीर आहे, पाणी स्वच्छ दिसतं. मालकांनी माती परीक्षणाचा रिपोर्ट दाखवला, त्यात सगळं उत्तम आहे. तरी माझं मन मानत नाही. भाऊ म्हणतो, एवढीच शंका असेल तर वरची फूटभर माती काढून नवी टाकू, विषय संपला. मुलं लहान आहेत, मागे भाजीपाला लावायचा विचार आहे. व्यवहाराला दीड महिना उरलाय. कुठली टेस्ट करू, माती कुठून उचलू, आणि मालकांना न दुखावता हे कसं सांगू? तोवर विहिरीचं पाणी उकळून वापरलं तर चालेल का?
— जागेच्या प्रेमात पडलेली एक वाचक

प्रिय ताई,

आधी तो रिपोर्ट पुन्हा उघडा. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, सामू असे रकाने असतील तर तो शेतीचा रिपोर्ट आहे. त्या मातीत पीक कसं येईल आणि खत किती लागेल, एवढंच तो सांगतो. भारवहन क्षमता, खडक किती खोल, असं काही असेल तर तो पायाचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरसाठी काढलेला आहे. दोन्ही रिपोर्ट आपापल्या कामापुरते बरोबर असतील. पण डिझेल, जळकं इंजिन ऑइल, शिसं, थिनर यातलं काही त्या लॅबने शोधलेलंच नाही. मालकांनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे मातीचा एक कागद होता, तो त्यांनी दाखवला.

जमीन तपासणारे सगळे पहिली ठेच इथेच खातात. लॅब तेवढंच शोधते जेवढं तुम्ही शोधायला सांगता. रक्त देताना फक्त साखर बघायला सांगितली तर कावीळ कळणार नाही, तसंच हे. 'सगळं तपासा' नावाची टेस्ट कुठल्याही लॅबच्या यादीत नसते. म्हणून 'कुठली टेस्ट करू' याचं उत्तर त्या गॅरेजच्या इतिहासात दडलेलं आहे. तो हाती आला की टेस्टची यादी आपोआप तयार होते.

या कामाचे दोन टप्पे असतात, फेज वन आणि फेज टू. अमेरिकेत पहिल्या टप्प्याचं एक ठरलेलं मानक आहे, एएसटीएम ई १५२७. ते १९९३ मध्ये आलं, आणि तशीच रीत पुढे इतर देशांतही रुळली. गंमत म्हणजे फेज वनमध्ये चमचाभरसुद्धा माती उचलत नाहीत. जुने कागद बघायचे, जागेवर फिरायचं, माणसांशी बोलायचं, बस. त्यात संशयाला जागा निघाली तरच फेज टू, म्हणजे माती, पाणी आणि जमिनीतल्या वायूचे नमुने. लोकांना घाई असते, ते पहिला टप्पा वगळून थेट पिशवीभर माती लॅबला देतात. पैसे जातात आणि हातात येतो तो चुकीच्या जागेचा, चुकीच्या गोष्टीचा स्वच्छ रिपोर्ट. माझ्या मते असा रिपोर्ट नसलेला बरा, कारण तो बघून माणूस निर्धास्त होतो.

फेज वनसाठी जाणकार माणूस नेमाच, पण अर्धी माहिती तुम्हीही काढू शकाल. गॅरेज किती वर्षं चाललं? त्याआधी तिथे काय होतं? मागचे सगळे खरेदीदस्त, जुने परवाने आणि वेगवेगळ्या सालांची उपग्रह चित्रं मिळवा. चित्रांत शेड कधी उभी राहिली, अंगणात पिंपं कुठे रचलेली असायची, एखादा खड्डा कधी बुजवला गेला, हे बऱ्याचदा दिसतं. आजूबाजूलाही नजर टाका. चढाच्या बाजूला पेट्रोल पंप, कपड्यांचं ड्रायक्लीनिंग किंवा प्लेटिंगचा, म्हणजे धातूला मुलामा देण्याचा, कारखाना असेल, तर त्यांची घाण भूजलाबरोबर तुमच्या जागेखाली येऊ शकते. कुंपण जमिनीच्या वर असतं, पाण्याला ते ठाऊक नसतं.

कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, हे मी मुद्दाम सांगतोय. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हुकर केमिकल कंपनीने १९४२ पासून त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. खाली रासायनिक कचरा आहे आणि पुढे काही इजा झाली तर कंपनी जबाबदार नाही, असं त्या दस्तात लिहिलेलं होतं. तरी तिथे शाळा झाली, भोवती वस्ती झाली. तळघरांत रसायनं झिरपायला लागली म्हणून १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली, कुटुंबांना घरं सोडावी लागली. कागद होता, वाचणाऱ्याने तो मनावर घेतला नाही.

पण कागदांपेक्षा मोलाचा असतो तो तिथे काम केलेला जुना मेकॅनिक. तो सापडला तर सोन्याहून पिवळं. त्याला 'इथे प्रदूषण होतं का हो?' असं विचारू नका, तो 'छे छे' म्हणेल आणि विषय मिटेल. कामाचं विचारा. बदललेलं ऑइल कुठे ओतायचात? पार्ट कशाने धुवायचात? बॅटरीचं पाणी कुठे सांडायचं? रेडिएटरला झाळ कुठे मारायचात? रंगकाम शेडमध्ये की बाहेर? डिझेल साठवत होतात का, पिंपात की जमिनीखालच्या टाकीत? माणसं आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतात. 'मागच्या भिंतीला एक खड्डा होता, त्यात सोडायचो, आपोआप जिरायचं' हे वाक्य कानावर पडलं, तर लॅबला कुठली माती द्यायची ते तुम्हाला तिथेच कळलं.

मग जागेवर चक्कर मारा. सकाळी जा आणि शेड उघडायला लावा. सर्व्हिसिंगच्या खड्ड्याचा तळ बघा. काँक्रीट तडकलं आहे का? तळाला पाणी असेल तर त्यावर इंद्रधनुषी तवंग आहे का? तवंग दिसला तर काडीने तो तोडून बघा. तेलाचा असेल तर लगेच परत जुळून येतो. कुजक्या पाल्यापाचोळ्यातून लोहाच्या जिवाणूंमुळे येणारा तवंग पातळ काचेसारखा तुकड्यांत फुटतो. गाड्या धुण्याच्या रॅम्पवरून पाणी कुठे जायचं, त्या गटाराचं शेवटचं टोक शोधा. भिंतीलगत जमिनीतून वर आलेला, टोक बंद केलेला एखादा लोखंडी पाइप दिसतो का ते नीट पाहा. तो जमिनीखालच्या टाकीचा हवेचा पाइप असू शकतो, आणि टाकी कुणाच्याच लक्षात नसेल. सगळीकडे गवत असताना एकाच पट्ट्यात ते वाढत नसेल तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा. नाकावर मात्र फार विसंबू नका. पाच मिनिटांत नाक वासाला सरावतं, आणि शिशाला तर वासच नसतो.

आता फेज टू, म्हणजे नमुने. गॅरेजच्या जागेसाठी यादी साधारण अशी निघते: पेट्रोल-डिझेलमधली हायड्रोकार्बन, त्यात बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलिन वेगवेगळी मोजलेली, जळक्या ऑइलमधून येणारी पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन) जातीची संयुगं, शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू, आणि पार्ट धुवायला वापरलेले ट्रायक्लोरोएथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रावक, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारी रसायनं. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं. हे द्रावक पाण्यापेक्षा जड, ते पाण्यातून खाली खाली बुडत जातात आणि मग त्यांचा माग काढणं अवघड होऊन बसतं. शिशाचं म्हणाल तर ते फक्त बॅटरीतून येत नाही. पेट्रोलमध्येच ते वर्षानुवर्षं मिसळलेलं असायचं; जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणं २०२१ मध्ये थांबवलं. हवेत गेलेलं शिसं मातीत बसलं की तिथेच राहतं, पावसाने सहसा वाहून जात नाही.

माती कुठून उचलायची? शेतीसाठी चार ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना करतात. तुमच्या कामात ही पद्धत घात करते. समजा एका जागी शिसं किलोला ८०० मिलिग्रॅम आहे आणि बाकी नऊ जागी २०. दहाही नमुने कालवले की रिपोर्टात येतील ९८. आकडा दिसायला बरा, आणि ८०० वाली जागा नेमकी तुमच्या मुलांच्या झोपाळ्याखाली! म्हणून संशयाची प्रत्येक जागा वेगळी तपासायची: खड्ड्याच्या तळाखाली, गटाराच्या टोकाला, पिंपांच्या जागी, बॅटऱ्या ठेवायच्या कोपऱ्यात, टाकी निघाली तर तिच्या बुडाखाली. मुलं खेळणार तिथली वरची काही सेंटिमीटर माती, भाजी लावणार तिथे मुळं जातील तितक्या खोलीची. आणि एक नमुना जागेच्या अशा कोपऱ्यातून घ्या जिथे गॅरेजचा संबंधच आला नाही. आर्सेनिकसारखे धातू काही ठिकाणी निसर्गतःच मातीत असतात. तुलनेला काही नसेल तर गॅरेजने काय केलं आणि निसर्गाने काय दिलं ते कळणार नाही.

नमुने तुम्ही स्वतः घेऊ नका, पण घेतले जात असताना उभ्या राहा. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या बाटलीत घेतात. बाटली अशी भरायची की पाणी तोंडावर फुगून येतं. मग झाकण घट्ट लावून बाटली उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि बघायचं. आत बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि लॅबच्या हाती उरलेलं पाणी येतं. घेणारा माणूस हे न करता प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट पाणी भरून पिशवीत टाकत असेल तर तिथेच काम थांबवा. मातीच्या बाबतीतही तेच: उडणारी रसायनं बघायची असतील तर ती माती पाटीत पसरून कालवायची नाही, लगेच सीलबंद करायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. प्रत्येक बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हातात कधी गेली याचा एक फॉर्म भरतात, त्याची प्रत मागून घ्या. लॅबला आयएसओ १७०२५, म्हणजे चाचणी करणाऱ्या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, मान्यता आहे ना, आणि ती नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे ना, हेही विचारा. दारावर पाटी असते, पण मान्यता चाचणीनिहाय असते.

जमिनीत द्रावक किंवा पेट्रोल निघालं, तर घराखालून वर येणाऱ्या वाफेचाही प्रश्न येतो. माती आणि पाणी दोन्ही 'बरे' असून फरशीच्या फटींतून वाफ घरात शिरू शकते. त्यासाठी जमिनीतल्या वायूचा वेगळा नमुना घेतात. पाण्याच्या नळाचाही विचार करा. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क गावात रासायनिक कचऱ्याच्या भरावावर घरं बांधली होती. १९८० मध्ये उघडकीला आलं की जमिनीतलं टोल्युइन आणि झायलिन प्लास्टिकच्या पाइपांमधून आरपार होऊन पिण्याच्या पाण्यात उतरत होतं. 

रिपोर्ट आला की 'आढळले नाही' या शब्दांवर खूश होऊ नका, शेजारचा रकाना वाचा. लॅब किती कमी मोजू शकते तो आकडा तिथे असतो. पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. लॅबची मोजण्याची किमान मर्यादाच ५० असेल, तर 'आढळले नाही' या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. आणि आकडे कुठल्या मर्यादेशी ताडले तेही बघा. घराच्या मातीतल्या शिशासाठी कॅनडाची मार्गदर्शक मर्यादा किलोला १४० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेची प्राथमिक छाननीची पातळी आधी ४०० होती, जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. म्हणजे १८० आकड्याची माती एकीकडे बसते, दुसरीकडे बसत नाही. कारखान्याच्या जागेसाठीच्या मर्यादा आणखी ढिल्या असतात. तुमच्या रिपोर्टात नकळत त्याच लावलेल्या नाहीत ना, एवढं तपासा. तुम्ही घर बांधताय, मुलं मातीत हात घालणार, तेच हात तोंडात जाणार.

भावाचा उपाय चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ चुकलीय. वरच्या फूटभर मातीतच शिसं असेल तर ती काढणं हाच उपाय ठरू शकतो. पण घाण गटाराच्या टोकाला दोन मीटर खोल असेल तर वरची चांगली माती जाईल आणि खालची तशीच राहील. काढलेली माती कुठे टाकायची हाही प्रश्न आहेच. दूषित माती दुसऱ्याच्या जागेत ओतली तर तिचं बालंट तुमच्यावर येईल. आणि जी 'नवी' माती आणाल ती कुठली? पाडलेल्या इमारतीचा, खोदलेल्या रस्त्याचा भराव 'चांगली माती' म्हणून सर्रास विकला जातो. तीही तपासूनच घ्यावी लागेल.

मालकांशी बोलताना घाबरायचं कारण नाही. 'घर बांधायचंय, मुलं लहान आहेत, खरेदीआधी तपासणी करून घेतो, खर्च आमचा' असं सरळ सांगा. जागेत शिरण्याची आणि नमुन्यांसाठी बोअर घेण्याची परवानगी लेखी घ्या. त्याआधी एकदा वकिलाला भेटा आणि दोन गोष्टी विचारा. जमीन दूषित निघाली तर ते सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे का, आणि कुणावर? आणि व्यवहाराच्या करारात 'तपासणी समाधानकारक आली तरच खरेदी, नाहीतर आगाऊ रक्कम परत' हे कलम कसं घालायचं? रिपोर्ट तुमच्या नावाने निघायला हवा. मालकाच्या नावाच्या रिपोर्टात चूक निघाली तर तुम्हाला दाद मागणं जड जाईल. तपासणारा आणि पुढे सफाईचं कंत्राट घेणारा एकच नसावा, हेही लक्षात ठेवा. मालक तपासणीलाच साफ नाही म्हणाले तर मी ती जागा सोडेन. जमीन खराब असेलच असं नाही, पण आंधळेपणाने घ्यायला ती भाजीची जुडी नव्हे.

दीड महिना फार नाही, पण पुरू शकतो. कागद आणि माणसं या आठवड्यात धरा. लॅबला वेळ लागतो, आणि पहिल्या नमुन्यांत काही निघालं तर दुसरी फेरी करावी लागते. म्हणून करारात मुदतवाढीची सोय आत्ताच ठेवा.

राहिली विहीर. नाही, पाणी उकळून चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसं आणि आर्सेनिक जात नाहीत. पाण्याची वाफ होऊन गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. बेंझीनसारखी रसायनं उकळताना उडतात, पण ती उडून तुमच्याच स्वयंपाकघराच्या हवेत येतात. रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, आणि बांधकामाच्या माणसांनाही पिऊ देऊ नका. नमुना घेणारा आला की त्याला सांगा, एक बाटली पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि एक तळाजवळून.